माउथ ऑर्गनवर आगगाडी वाजवताना छाती भरून येते. श्वास कसा सांभाळावा?

आडगाडी: गेले आठ महिने मी सी पट्टीच्या, दहा भोकांच्या डायटोनिक (एकाच पट्टीचे स्वर असलेल्या) माउथ ऑर्गनवर वाफेच्या इंजिनाचा आवाज काढण्याचा सराव करीत आहे. पहिल्या तीन भोकांवर दोनदा ओढणे आणि दोनदा फुंकणे संथ लयीत जमते; मात्र लय वाढवून मध्ये शिट्टी घातली की अर्ध्या मिनिटातच छाती गच्च होते आणि गाडी थांबवावी लागते. शिवाय ठोके सुटे न येता नुसती घरघर ऐकू येते. दम वाढवण्यासाठी काय करावे?

रुळावरचा: आपला दम कमी पडत नसून तो आत साठून राहतो आहे. ओढणे आणि फुंकणे ठोक्यांच्या हिशेबाने सारखे असले, तरी शिट्टी ही लांबलचक ओढ असते आणि ती हवा परत जायला ठोक्यांच्या साच्यात जागाच ठेवलेली नसते. म्हणून फुंकताना नाक मोकळे ठेवून जादा हवा तिथून सोडावी. शिट्टीच्या आधीच्या दोन फुंकी मुद्दाम खोल घेऊन छाती रिकामी करावी. माउथ ऑर्गनच्या वरच्या पत्र्यावर छोटा आरसा आडवा ठेवून फुंका: नाकासमोर त्यावर वाफ धरली, तर वाट मोकळी आहे असे समजावे. आणि जोर कमी करा. दुसऱ्या भोकाची ओढीची पट्टी (ओढताना थरथरणारी आतली धातूची पत्ती) जोराने खेचली की ती गुदमरते, आणि नवशिक्याला वाटते की वाद्यच बिघडले आहे.

तबल्याचा माणूस: घरघरीचे कारण जिभेत आहे. ओढताना 'हका हका' आणि फुंकताना 'तका तका' असे बोल, गळ्यातून आवाज न काढता, केवळ श्वासावर म्हणावेत. 'ट' नको, कारण आपला 'ट' जीभ मागे वळवतो आणि द्रुत लयीत ती वेळेवर परतत नाही. दातांमागचा 'त' हलका पडतो. दोन सिलिंडरांच्या वाफेच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार भपकारे निघतात, त्यामुळे चार-चारचे गट धरून पहिल्यावर किंचित वजन द्यावे. वाद्य बाजूला ठेवून हे बोल आधी तोंडी पक्के करावेत. तबला शिकताना आपण तेच करतो.

शिट्टी: शिट्टीसाठी चौथे आणि पाचवे भोक एकत्र ओढावे, म्हणजे सी हा सा धरल्यास रे आणि म एकदम वाजतात. हातांची ओंजळ आधी बंद ठेवून मग सावकाश उघडली की आवाज दुरून जवळ आल्यासारखा वाटतो. गाडी पुढून निघून जाताना स्वर उतरतो तोही दाखवायचा असेल, तर माझ्या मते तिसरे भोक एकटे ओढून वाकवणे (ओढता ओढता स्वर खाली उतरवणे) चांगले. ताशी ८० किलोमीटर वेगाच्या गाडीचा स्वर समोरून जाताना दोन अर्धस्वरांहून थोडा अधिक उतरतो. चौथे भोक जेमतेम एक अर्धस्वर वाकते, तिसरे तीनपर्यंत जाते. अमेरिकी माउथ ऑर्गनवादक डीफोर्ड बेली यांचे १९२७ सालचे 'पॅन अमेरिकन ब्लूज' अवश्य ऐकावे. त्या काळी सिनसिनाटी ते न्यू ऑर्लिन्स धावणाऱ्या गाडीचे नाव त्या वादनाला दिलेले आहे. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या चोवीस भोकांच्या ट्रेमोलोवर मात्र हे वाकवणे साधत नाही, कारण तिथे प्रत्येक स्वराला दोन पट्ट्या असतात आणि ओढीच्या व फुंकीच्या पट्ट्यांचे कप्पे वेगळे असतात.

आडगाडी: सर्वांचे आभार. आरशावर पहिल्या दिवशी काहीच धरले नाही. मी फुंकताना नाक आतून बंद करीत होतो हे तेव्हा कळले. आता दोन मिनिटे गाडी चालते. 'तका' जमले आहे. 'हका'तला 'क' मात्र ओढताना अजून दर तिसऱ्या फेरीला गिळला जातो, तेव्हा सध्या लय उतरवून तेवढेच घोटतो आहे.