'भाडोत्री आई'ला दुसरा शब्द हवा

दांडियाबाजार:
बडोद्यातल्या मराठी बायकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. 'सरोगेट मदर'पाशी (दुसऱ्या जोडप्याचं मूल पोटात वाढवणारी) दोन दिवस अडलेय. 'भाडोत्री आई' लिहिलं, तर मामेबहीण चिडली: "भाडोत्री गुंड असतात. माझ्या जावेनं नणंदेसाठी नऊ महिने काढले, तिला हे म्हणशील?" काय लिहू?

रावपुरा_जुना:
बहिणीचं बरोबर आहे. 2021 च्या सरोगसी कायद्यानं पैसे घेऊन कूस देणं बंद झालं. औषधपाण्याचा खर्च आणि विमा, बस्स. भाडंच नाही तर भाडोत्री कुठली? 'उसनी आई' लिहा.

मांडवीची_सून:
अहो, वाटीभर साखर उसनी आणली तर वाटीभर साखर परत करतात. कूस कशी परत करणार? (शेजारच्या बा 'उछीनुं' म्हणतात. मला उसनं आणि उछीनुं एकाच घरचे वाटतात.) आणि पैशाचं म्हणाल तर आणंद इथून तासाभरावर. कायद्याआधी परदेशी जोडपी सरोगसीसाठी तिथं यायची. 2008 मध्ये एका जपानी जोडप्याची मुलगी तिथंच जन्मली. त्याआधीच आईबाप वेगळे झालेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ज्यांनी पैसे घेतले त्या भाडोत्री, आणि ज्यांनी नाही घेतले त्या थोर? कळा दोघींना सारख्याच.

रावपुरा_जुना:
कळांबद्दल वाद नाही. पण गरजेपायी कूस द्यावी लागणं मला आजही सलतं.

शब्दवेडा:
ज्या गावात सयाजीरावांनी कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवला (1931), तिथं आपण 'सरोगेट' लिहायचं? 'प्रतिमाता' घ्या.

मांडवीची_सून:
'प्रतिमाता' कानाला सावत्र वाटतं. पत्रक वाचणारी बाई सरळ 'सरोगसी' म्हणते, तिचा शब्द का काढून घ्यायचा?

कवळाण्याचा_पाहुणा:
सयाजीराव निघालेच आहेत तर, ते स्वतः दत्तक होते. आमच्या कवळाण्याचा गोपाळ 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर बसला. 'दत्त' म्हणजे दिलेला. देणाऱ्या आईचं देणं त्या शब्दातच राहिलं. तसा शब्द हवा.

दांडियाबाजार:
हे फार पटलं. पण दत्तकात मूल आधी तिचं असतं. इथं कायदाच सांगतो की मूल पोटात वाढवणारीनं स्वतःचं स्त्रीबीज द्यायचं नाही. म्हणजे पोट एकीचं, बीज दुसरीचं. मग 'पोटचं पोर' कुणाचं? आपल्या भाषेनं पोट आणि रक्त कधी वेगळं धरलंच नाही.

शब्दवेडा:
पोटचं म्हणजे रक्ताचंच.

मांडवीची_सून:
मुळीच नाही! आमच्या आजीनं पुतण्याला वाढवलं, मरेपर्यंत 'माझ्या पोटचा' म्हणायची. कुणी तिला चूक काढून दाखवली नाही.

शब्दवेडा:
ती माया झाली, अर्थ नव्हे.

कवळाण्याचा_पाहुणा:
मायेनंच अर्थ बदलतात, साहेब.

दांडियाबाजार:
उद्या छपाईला द्यायचंय. तूर्त 'मूल पोटात वाढवणारी बाई' लिहितेय.

रावपुरा_जुना:
'बाई' नको. 'आई'च लिहा.

मांडवीची_सून:
मग घरी वाट बघत बसलेल्या दुसरीला काय म्हणायचं?