तांबे गंजते का?

मंगळवार पेठ:
दहावीच्या सरावपत्रिकेचं मराठी करतो आहे. मुळात 'करोजन' आणि 'रस्टिंग' असे दोन शब्द आहेत. पहिला सगळ्या धातूंना लागतो, दुसरा फक्त लोखंडाला. मी वाक्य केलं, 'लोखंड, तांबे व चांदी हे धातू गंजतात.' तपासणाऱ्या बाईंनी 'गंजतात' खोडून 'यांचे क्षरण होते' केलं आणि समासात शेरा दिला: 'तांबे गंजत नाही.' क्षरण पुस्तकात आहे, मान्य. पण घागर हिरवी पडली तर घरात कोण 'क्षरण' म्हणतं? बोलीत शब्द आहे का?

उद्यमनगर:
शेरा रसायनाला धरून आहे. गंज म्हणजे पाणी धरून बसलेलं आयर्न ऑक्साइड. लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉन सोडतो, ते ऑक्सिजन आणि पाणी मिळून घेतात. दोहोंपैकी एक नसेल तर गंज नाही. म्हणून शाळेत तीन परीक्षानळ्या लावतात. एकीत खिळा अर्धा पाण्यात, दुसरीत उकळून हवा काढलेलं पाणी आणि वर तेल, तिसरीत कोरडं कॅल्शिअम क्लोराइड. पहिलीतलाच गंजायला हवा. प्रयोग फसतो तो दोन ठिकाणी. खिळे जस्त चढवलेले निघाले तर आठवडाभर काही होत नाही. साधे घ्यावेत, पॉलिश पेपरने घासून. आणि कॅल्शिअम क्लोराइड उघड्या बरणीतलं असेल तर आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टात त्याने आधीच ओल ओढलेली असते, मग कोरड्या नळीतला खिळाही तांबूस होतो.
गंज सच्छिद्र असतो, पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड परत उघडं पडतं. तांब्यावरचा हिरवा थर कार्बोनेट-हायड्रॉक्साइडचा. तो धातूला घट्ट चिकटतो, उलट त्याची राखण करतो. दोहोंना एकच क्रियापद लावलं तर हा फरक मुलांच्या हाती लागत नाही.

शब्दांची पेटी:
'तांबूस' म्हणालात, तिथेच थांबा. लोखंडाच्या गंजाला जुना मराठी शब्द 'तांब', क्रियापद 'तांबरणे'. विळा तांबरला. उसाच्या पानांवर येतो तो 'तांबेरा' त्याच घरातला. रंगावरून मराठीने तांब्याचं नाव लोखंडाच्या गंजाला दिलं!
'गंज' मला 'जंग'चा उलटा वाटतो. फारसीत 'झंग' म्हणजे गंज आणि 'झंगार'वरून आपला 'जंगाल', तांब्यापासूनचा हिरवा रंग. तेव्हा घागरीवर जंगाल चढला म्हणा.

उद्यमनगर:
जंगाल मुद्दाम तयार करायचा रंग. आंबलेल्या रसाच्या, शिरक्याच्या वाफेवर तांबं ठेवून करत, तो ॲसिटेट. घागरीवरचा थर वेगळा. आणि अक्षरं उलटून व्युत्पत्ती ठरत नाही. विदर्भात गंज म्हणजे उभट पातेलं, गवताचीही गंजी असते. ती कशाची उलटी?

हुपरी:
चांदीलाही त्या वाक्यातून बाहेर काढा. चांदी 'काळी पडते' आणि तेवढंच म्हणायचं. नेहमीच्या तापमानाला ऑक्सिजन तिला शिवत नाही. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने सिल्व्हर सल्फाइडचा थर येतो. काढायचा तर भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनिअमचा कागद, उकळतं पाणी, लिटरला दोन-तीन चमचे खायचा सोडा, आणि पैंजण कागदाला टेकलंच पाहिजे. ॲल्युमिनिअम इलेक्ट्रॉन देतं, सल्फाइडमधली चांदी परत धातू होते. गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन सुटतं, त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. मुद्दाम काळं केलेल्या 'ऑक्सिडाइज्ड' कामावर हे करू नये, नक्षीतला काळेपणा जातो. तो शब्दही रसायनाच्या दृष्टीने चूक, कारण तोही थर सल्फाइडचाच. तरी बाजारात तोच चालणार, आणि चालू द्यावा.

कागल:
तांब्या-पितळेचा खरा शब्द कुणीच घेतला नाही: कळकणे. 'पितळीत ताक ठेवू नका, कळकेल.' मूळ 'कलंक' असावं; संस्कृतात त्याचा अर्थ डाग, आणि लोखंडाचा गंजसुद्धा. तांबं आम्लातून हायड्रोजन काढू शकत नाही, पण ताकात विरघळलेला ऑक्सिजन आधी तांब्याचं ऑक्साइड करतो आणि लॅक्टिक आम्ल ते विरघळवतं. क्षार ताकात उतरतात, चव तुरट-कडवट होते, मळमळतं.

मंगळवार पेठ:
म्हणजे कळकतं ते ताक, भांडं नाही. मग कर्ता बदलला, माझ्या वाक्यात कसं बसेल?

शब्दांची पेटी:
नाही बसत. आणि 'क्षरण' तरी कुठे बसतं? क्षर म्हणजे झिजणारं, अक्षर म्हणजे न झिजणारं. हिरवा थर राखण करत असेल तर घागर झिजते कुठे? बाईंनी फक्त शब्द जड केला, अचूक नाही केला.

उद्यमनगर:
थर होताना वरचं तांबं खर्ची पडतंच. धातू म्हणून एकत्र बांधलेले अणू इलेक्ट्रॉन गमावून संयुगात गेले, ती झीजच. हळू होते एवढंच. क्षरण राहू द्या.

कागल:
राहू द्या, पण त्याच धड्यातलं 'कथिलीकरण' बदलून 'कल्हई' करा. शब्द अरबी, अर्थ कथीलच, आणि तो मुलांच्या आज्यांनाही कळतो. भांडं घासून कोळशावर तापवतात, मग नवसागर टाकतात. उष्णतेने त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. आम्ल ऑक्साइड खातं आणि उघड्या तांब्यावरच कथील धरतं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. भांडं कमी तापलं तर गोळे होतात, जास्त तापलं तर थर पिवळट-काळपट पडतो. नवसागर कमी पडला तर मध्येच उघडी चकती राहते आणि ताक नेमकं तिथूनच कळकतं.

हुपरी:
कथलात शिसं नाही ना, एवढं आधी बघावं. शिसं मिसळलं की मिश्रण १८३ अंशांपासूनच पातळ होऊ लागतं, लावायला सोपं जातं, म्हणून मोह होतो. पण मग आंबट पदार्थात शिसं उतरतं. शुद्ध कथलाची काडी वाकवली की चरचरते. न चरचरणारी, कागदावर राखाडी रेघ उठवणारी काडी भांड्याला लावू देऊ नका.