मदत हवी आहे: आत्याला आता काय सांगू?

मंडळी, हसून झालं की सल्ला द्या.

एका मुलाशी महिनाभर चॅटिंग चाललं होतं. मुलगा पुण्याचा, त्यामुळे मे महिन्यात दुपारी चारला ‘भुईकोट किल्ल्याच्या बागेत भेटू’ म्हणाला. पारा ४२ वर! मी गुलाबी स्कार्फ सांगितला होता. आता सोलापुरात उन्हाळ्यात डोळ्यांखेरीज दिसतं काय मुलीचं? पठ्ठ्या दुसऱ्याच गुलाबी स्कार्फला जाऊन हाय म्हणाला. तिचा भाऊ शेजारीच उसाचा रस पीत होता. मी धावत जाऊन सोडवलं, तेवढ्यात सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आत्या समोर हजर. ‘हा कोण गं?’ घाबरून बोलून गेले, ‘बँकेतला आहे, लोनचं काम बघतो.’

झालं. आत्याच्या मुलाला चादरींचं दुकान टाकायचंय. रोज फोन: ‘त्या पोराला जेवायला बोलव की, कडक भाकरी नि शेंगाचटणी करते.’ मुलगा प्रत्यक्षात ग्राफिक डिझायनर आहे, आणि तो यायला तयार आहे!

मैत्रिणी म्हणतात खरं सांगून टाक. पण आत्याला कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या नव्या पेठेला कळलं. कुणी असं निस्तरलंय का?

अजून एक, पुढच्या भेटीला नळदुर्ग सुचवू नका. पाऊस नसताना नर-मादी धबधब्याला पाणी नसतं, नुसते दगड तापतात. सावली असलेली, आत्या नसलेली जागा सांगा.