पीसीओएस : पाच महिन्यांपासून वजनाचा काटा हललेला नाही, आता नेमके काय करावे?

निशिगंध

नमस्कार. माझे वय २९ वर्षे, उंची १५८ सेंटिमीटर. तीन वर्षांपूर्वी पाळी लांबू लागली, हनुवटीवर राठ केस दिसू लागले आणि तपासण्यांनंतर पीसीओएसचे (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, शब्दशः ‘अनेक गाठींच्या अंडाशयाचा’ विकार) निदान झाले. मानेच्या मागचा काळसर, मखमली पट्टा मी कितीतरी महिने मळ समजून खसाखसा घासत होते. तो इन्शुलिनशी निगडित असतो, हे मला डॉक्टरांनी सांगितले तेव्हा प्रथम कळले.

दहा महिन्यांपूर्वी माझे वजन ८१ किलो होते. रोज पाऊण तास चालणे आणि गोड खाणे कमी करणे एवढ्यावर पहिल्या पाच महिन्यांत ते ७७ किलोवर आले, आणि त्यानंतर आजतागायत तिथेच अडून बसले आहे. मी रोज सकाळी काट्यावर उभी राहते, कधी ७६.६ दिसते, कधी ७७.८, आणि त्या आकड्यावर माझा पुढचा सगळा दिवस ठरतो. मध्यंतरी वैतागून सकाळचे खाणे बंद केले, दुपारी नुसत्या भाज्या खाल्ल्या. परिणाम असा झाला की रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला आणि नंतर रडत बसले. हे एकदा नव्हे, बऱ्याचदा घडले आहे. मेटफॉर्मिन हे इन्शुलिनचा परिणाम सुधारणारे औषध सुरू केले होते, पण पोट इतके बिघडले की दोन आठवड्यांत मी ते आपणहून बंद केले. उपाशीपोटीची साखर ९४ असल्यामुळे मधुमेहाची काळजी नाही, असे मी धरून चालले आहे.

माझा प्रश्न असा की, या आजारात वजन उतरतच नाही हे खरे आहे का? तसे असेल तर मी एवढी धडपड कशासाठी करते आहे? आणि नसेल, तर माझे कुठे चुकते आहे?

तिसरा प्रहर

चुकत काही नाही, फक्त उपाय अपुरा पडतो आहे. मी चार महिने पिष्टमय पदार्थ पूर्णपणे बंद केले आणि ९ किलो उतरले. पीसीओएस असलेल्या शरीराला पिष्टमय पदार्थ मानवतच नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. धीर धरून बंद करून पाहा, महिनाभरात फरक दिसेल.

पारिजात

निशिगंध, मला हे निदान होऊन चौदा वर्षे झाली, त्यामुळे तुमचा काट्यावरचा राग मला अगदी ओळखीचा आहे. उत्तर देण्यापूर्वी एक विचारते. गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा तुम्ही लिहून ठेवल्या आहेत का? ठेवल्या असतील तर दोन पाळ्यांमधले दिवस मोजून इथे द्या. कंबरेचे मापही, सुरुवातीचे आणि आताचे, असल्यास द्या. तुम्ही एवढे सविस्तर लिहिलेत, पण ज्या तक्रारीपासून हे सारे सुरू झाले त्या पाळीचे आज काय चालले आहे, याबद्दल एक अक्षरही लिहिलेले नाही.

निशिगंध

तारखा फोनमध्ये आहेत. दहा महिन्यांपूर्वी सुरुवात केली तेव्हाचे अंतर ९५ दिवसांचे होते. त्यानंतरची अंतरे अनुक्रमे ७२, ६१, ४८, ४४ आणि ४१ दिवस, आणि आज तिसावा दिवस आहे. कंबर ९७ सेंटिमीटर होती, काल मोजली तर ९१ भरली. खरे सांगायचे तर हे आकडे मी आज पहिल्यांदाच एका ओळीत मांडून पाहिले.

पारिजात

मग आता ती ओळ पुन्हा एकदा वाचा. तुमच्या म्हणण्याप्रमाणे पाच महिने काहीच घडलेले नाही. परंतु ४८, ४४ आणि ४१ ही अंतरे बरोबर त्याच पाच महिन्यांतली आहेत. काटा थांबला होता, अंडाशय थांबले नव्हते.

८१ किलोंचे पाच टक्के म्हणजे साधारण ४ किलो, आणि तेवढे तुम्ही उतरवले आहे. ज्यांचे वजन जास्त आहे अशा स्त्रियांमध्ये पाच ते दहा टक्के घट झाली तरी पाळी नियमित होण्यास, स्त्रीबीज बाहेर पडण्यास आणि रक्तातील साखर व चरबी सुधारण्यास मदत होऊ शकते, असे डॉक्टर सांगतात ते यासाठीच. पीसीओएस असलेल्या अनेकींचे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिक प्रमाणात सोडते. हे वाढलेले इन्शुलिन एकीकडे अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक जास्त तयार करायला लावते आणि दुसरीकडे यकृतात तयार होणारे, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन कमी करते. त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढून हनुवटीवर केस येतात, मुरमे येतात आणि बीजकोश (ज्यांत स्त्रीबीज वाढते त्या बारीक पिशव्या) अर्धवट वाढून थांबतात. सोनोग्राफीत दिसतात त्या ‘गाठी’ म्हणजे हेच थांबलेले बीजकोश. त्या खऱ्या अर्थाने गाठी नाहीतच, आणि या आजाराच्या नावाने जेवढी भीती पसरवली आहे तेवढी दुसऱ्या कशानेही पसरवली नसेल. सांगायचे ते असे की, कंबरेचा घेर सहा सेंटिमीटरने कमी होतो तेव्हा पोटाच्या आतली चरबीही घटत असते, आणि इन्शुलिनच्या दृष्टीने सर्वांत त्रासदायक चरबी तीच.

४१ दिवसांचे अंतरही अजून नियमित म्हणता येत नाही. प्रौढ स्त्रीमध्ये २१ ते ३५ दिवसांची पाळी नियमित मानतात. पण ९५ पासून तुम्ही इथवर आला आहात. ते ९५ दिवस मात्र हलक्यात घेऊ नका. स्त्रीबीज बाहेर पडले नाही की अस्तराची वाढ आवरणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, गर्भाशयाचे अस्तर इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली वाढत राहते, आणि वर्षानुवर्षे असे घडत राहिल्यास त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पुन्हा कधी अंतर ९० दिवसांपुढे गेले, तर वजन उतरण्याची वाट पाहत बसू नका. आधी गर्भधारणेची चाचणी करा आणि डॉक्टरांकडे जा. पाळी आणण्यासाठी काही दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देता येतात, किंवा प्रकृतीला चालत असतील तर गर्भनिरोधक गोळ्यांनी अस्तराचे संरक्षण होते. माझ्या बाबतीत मी आधी बारीक होते आणि मग दाखवते, असे म्हणत सात महिने घालवले होते. अस्तर वाढलेले निघाले, तपासणीसाठी त्याचा तुकडा काढावा लागला, आणि अहवाल येईपर्यंतचे ते दहा दिवस मी काट्याकडे एकदाही पाहिले नाही.

अनुस्वार

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि या आजाराच्या स्त्रिया माझ्याकडे रोज येतात, म्हणून दोन-तीन मुद्द्यांवर लिहिते.

तिसरा प्रहर यांचा अनुभव मी नाकारत नाही. पण त्यावरून सर्वांसाठी नियम काढणे मला पटत नाही. पीसीओएससाठी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की, कोणताही एक आहारप्रकार इतरांपेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही. जो संतुलित आहार त्या व्यक्तीला दीर्घकाळ पाळता येईल तो योग्य. पिष्टमय पदार्थ थोडे कमी करून त्यांचा दर्जा सुधारल्याने, म्हणजे मैदा, साखर आणि गोड पेये यांच्या जागी अख्खी धान्ये आणि कडधान्ये आणल्याने, अनेकींना लाभ होतो. पण ‘पूर्ण बंद’ हा शब्द उच्चारला की मला पुढचे दृश्य दिसू लागते, आणि निशिगंध यांनी ते स्वतःच लिहिले आहे : रात्रीचे अकरा आणि बिस्किटांचा पुडा.

निशिगंध, ते तुमच्या मनाच्या दुबळेपणामुळे घडत नाही. दिवसभर शरीराला कमी खायला घातले की रात्री ते वसुली करते. सकाळच्या खाण्यात अंडी, डाळी, दही यांसारखे प्रथिनांचे काहीतरी नक्की ठेवा आणि दुपारी भाज्यांसोबत धान्य व प्रथिनेही घ्या. पंधरा दिवसांत रात्रीची ओढ कितपत कमी होते ते पाहा. तरीही ताबा सुटल्यासारखे खाणे आणि नंतरचे रडणे चालूच राहिले, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. नैराश्य, चिंता आणि खाण्याशी संबंधित विकार पीसीओएसमध्ये अधिक प्रमाणात आढळतात, आणि त्यांची विचारपूस हा उपचाराचाच भाग आहे. अशा अवस्थेत आहार आणखी कडक करणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

वजन थांबण्याबद्दल सांगायचे तर, ७७ किलोंच्या शरीराला ८१ किलोंच्या शरीरापेक्षा कमी ऊर्जा लागते आणि वजन घटल्यावर भूकही वाढते, त्यामुळे ज्या दिनक्रमाने पहिले चार किलो उतरले, तोच दिनक्रम पुढे केवळ वजन टिकवून धरतो. हे पीसीओएस नसलेल्यांच्याही बाबतीत घडते. तुमच्या व्यायामात चालणे आहे, पण स्नायूंना ताकद लावायला लावणारे काही दिसत नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस, लागोपाठ नव्हे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून हातांवर भार घेणे, रबरी पट्ट्या ताणणे असे व्यायाम सुरू करा. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनवर अवलंबून न राहताही रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणेही उपयोगी ठरते. चालण्याचा वेग असा असावा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही.

काट्यावर रोज उभे राहणे मात्र थांबवा. पाळीच्या आधी शरीरात पाणी साठून एक-दोन किलो सहज इकडेतिकडे होतात. आठवड्यातून एकदाच, ठरावीक वारी वजन करा आणि महिन्यातून एकदा मोजपट्टीने कंबर मोजा.

तिसरा प्रहर

अनुस्वार, तुमचे म्हणणे वाचून मला थोडा राग आला होता, म्हणून कालच उत्तर लिहिले नाही. पण प्रामाणिकपणे सांगायला हवे : त्या ९ किलोंपैकी ७ किलो पुढच्या वर्षभरात परत आले. मी ते इथे लिहिले नाही, कारण तो माझाच दोष आहे असे मी मानत होते. उत्तराच्या त्या भागाबद्दल निशिगंध यांची क्षमा मागते. हल्ली वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल बरेच ऐकू येते, त्याबद्दल कोणी सांगेल का?

अनुस्वार

क्षमा कशाला, हे लिहिलेत ते फार बरे केलेत. इंजेक्शनांबद्दल थोडक्यात : सेमाग्लूटाइडसारख्या औषधांनी वजन खरोखर उतरते, पण औषध थांबवल्यावर त्यातले पुष्कळसे परत येते. गर्भावर होणाऱ्या परिणामांची पुरेशी माहिती नसल्यामुळे ती घेताना खात्रीचे गर्भनिरोधन लागते आणि गर्भधारणेचा विचार असल्यास सेमाग्लूटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. वजन उतरू लागले की स्त्रीबीज अवचित बाहेर पडू लागते. पाळी अनियमित आहे म्हणजे गर्भ राहणार नाही, हा समज अनेकींना महागात पडला आहे. निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

पारिजात

निशिगंध, तुमच्या पहिल्या पत्रातल्या दोन गोष्टी अजून राहिल्या आहेत.

पहिली, मेटफॉर्मिन. पोट बिघडणे हा त्याचा सर्वपरिचित त्रास आहे आणि तो अनेकींना सुरुवातीच्या काळात होतो. माझेही तेच झाले होते. डॉक्टरांनी ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून, जेवणासोबत घ्यायला सांगून आणि एक-दोन आठवड्यांच्या अंतराने मात्रा वाढवून ते बसवले. शिवाय हळूहळू विरघळणारी गोळी मिळते, ती पोटाला सौम्य पडते. तुम्ही ते बंद केल्याचे डॉक्टरांना कळवले आहे का? बहुधा नाही. दीर्घकाळ घेतल्यास अधूनमधून ब१२ जीवनसत्त्वाची तपासणी करावी लागते, एवढे ध्यानात असू द्या.

दुसरी, ती ९४ साखर. त्यावर निश्चिंत होऊ नका. पीसीओएसमध्ये उपाशीपोटीची साखर चांगली दिसत असतानाही ग्लुकोज घेतल्यानंतरची वाढलेली असू शकते, म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी अधिक भरवशाची मानतात. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या खाली असला तर उत्तम, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि २०० किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह. मानेवरचा तो पट्टा असताना ही तपासणी मी तरी टाळली नसती. सोबत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही पाहून घ्या. झोपेत मोठ्याने घोरणे किंवा दिवसभर पेंगुळलेपण असेल, तर तेही सांगा. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार या आजारात अधिक आढळतो.

निशिगंध

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांना गोळी बंद केल्याचे सांगितलेले नव्हते. पारिजातताई, तुम्ही बरोबर ओळखलेत. पुढच्या आठवड्यात वेळ घेतली आहे. पाळीच्या तारखा आणि कंबरेची मापे एका कागदावर उतरवून नेणार आहे. काटा आजच पलंगाखाली सरकवला. एकच शंका आहे : ग्लुकोजच्या तपासणीपूर्वी काही दिवस गोड आणि धान्य कमी खाल्ले, तर आकडा चांगला येईल का?

अनुस्वार

नाही, उलट आकडा फसवा येऊ शकतो. आधीचे तीन दिवस पिष्टमय पदार्थांसह नेहमीसारखे जेवा, कारण ते फार कमी केल्यास दोन तासांनंतरची साखर विनाकारण वाढलेली दिसू शकते. आदल्या रात्रीपासून आठ ते दहा तास उपाशी राहा, पाणी चालेल. आणि ग्लुकोज प्यायल्यानंतरचे दोन तास फेऱ्या न मारता तिथेच बसून काढा. सोबत वाचायला काहीतरी न्या.