मदत हवी आहे : परळच्या आसपास सावलीची, निवांत बाग (आईसाठी)

नमस्कार मंडळी,

आईच्या उपचारांसाठी आम्ही जळगावहून परळला येऊन राहिलो आहोत. रुग्णालयाची तारीख असेल त्या दिवशी दुसरं काही सुचत नाही. पण मधले दिवस रिकामे जातात आणि धर्मशाळेच्या खोलीत आईला करमत नाही. जन्म अंगणात कुंड्या मांडण्यात गेलेला. इथे खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी दिसतात.

नेटवर शोधलं की हँगिंग गार्डन आणि म्हातारीचा बूट. शाळेच्या सहलीत बघून झालेत, आणि आता तिथल्या गर्दीत आईला न्यायचं म्हणजे शिक्षाच.

राणीच्या बागेत मात्र जीव रमला. परळहून भायखळा तीनच स्टेशनं. सगळी गर्दी पेंग्विनकडे पळते, त्यामुळे झाडं बघायला आम्ही दोघंच! गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, आणि उर्वशीला फुलं होती. आईने ते झाड आजवर फक्त पुस्तकात पाहिलं होतं. बाकावरून उठायलाच तयार नव्हती. (बुधवारी बंद असते, जाणार असाल तर लक्षात ठेवा.)

दुसरी, दादर पारशी कॉलनीतली फाइव्ह गार्डन्स. ही शोधून नाही सापडली, माटुंग्याला इडली खायला गेलो तेव्हा टॅक्सीवाल्याने दाखवली. प्लेगनंतर शहराबाहेर मोकळी वस्ती वसवायची म्हणून ही कॉलनी आखली गेली. ती वसवणाऱ्या मंचेरजी जोशींनी रस्त्यारस्त्याला वेगळ्या जातीची झाडं लावून घेतली म्हणतात. तसं असेल तर त्या माणसाला दंडवत, कारण बागेपेक्षा बागेकडे जाणारे रस्तेच जास्त आवडले.

अशा आणखी जागा सांगाल का? अटी : बसायला बाक, दाट सावली, जवळपास स्वच्छतागृह, पायऱ्या कमीत कमी. दुपारी बंद होत असेल तर तेही सांगा. व्ह्यू, सेल्फी पॉइंट, कारंजी यांची गरज नाही.

प्रतिसाद : डोंगरावरचा

माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा, 1925 साली मुंबईचे महापौर होते, त्यांच्या नावाचं. टेकडीवर पाण्याचा जुना जलाशय आहे, आणि वरून गोदीतली जहाजं दिसतात. आमच्या चाळीतली अर्धी म्हातारी मंडळी संध्याकाळी तिथेच असतात, बाहेरचं कुणी फिरकत नाही. तुम्ही शिवडीहून हार्बर लोकल पकडा, कॉटन ग्रीन, रे रोड आणि मग डॉकयार्ड रोड. पण चढ आहे. आईंना टॅक्सीने वरपर्यंत न्या, चालवत नेऊ नका.

प्रतिसाद : मिठीकाठ

महाराष्ट्र निसर्ग उद्यान. धारावी डेपोजवळ, मिठी नदीला लागून. साधारण 37 एकर. एकेकाळी इथे शहराचा कचरा टाकत, त्यावर माती घालून झाडं वाढवली आणि 1994 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. आत गेल्यावर लिंक रोडचा आवाज विरतो. फुलपाखरं भरपूर. सायनहून रिक्षा मिळते.

प्रतिसाद : साधीसुधी

मिठीकाठ, जागा सुंदर आहे, वादच नाही. पण तिथे डास असतात आणि जमीन ओलसर. आईंची केमो चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना माती, पालापाचोळा यांच्यापासून लांब राहायला सांगतात. माझ्या सासऱ्यांना कुंडीलाही हात लावू देत नव्हते. गर्दीचंही तेच, लोकल दुपारची पकडा.

माझं मत हॉर्निमन सर्कलला. फोर्टात, एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांसमोर. जुनी मोठी झाडं, सपाट वाटा, भोवती लोखंडी कुंपण. ऑफिसवाले डबे घेऊन येतात तेवढी वेळ टाळा. परळहून थेट टॅक्सी परवडते.

प्रतिसाद : धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. केमो चालू आहे, त्यामुळे साधीसुधी, तुमचा मुद्दा लाखमोलाचा. निसर्ग उद्यान रिपोर्ट बरे आल्यावर. माझगावचं आईला सांगितलं तर "टिळकांच्या माणसाची बाग? मग जायलाच हवं" म्हणाली, चढाचं ऐकूनच घेत नाही. डोंगरावरचा, टॅक्सी अगदी फाटकापर्यंत जाते ना? आणि वर बाक कुठल्या बाजूला आहेत, तेवढं सांगा. शुक्रवारी सकाळी निघायचा विचार आहे.

प्रतिसाद : डोंगरावरचा

फाटकापर्यंत जाते. ड्रायव्हर कटकट करेल, "भंडारवाडा, पाण्याची टाकी" म्हणा, लगेच कळतं. आत गेल्यावर गोदीच्या बाजूला बसा. नऊच्या आत या, नंतर ऊन चढतं. पाणी सोबत आणा.