'वाळीत टाकलं' की 'धर्मबहिष्कृत केलं'?

प्रश्न : इंग्लंडमधल्या लिंकनचे बिशप संत ह्यू यांच्या चरित्राचं मराठी करते आहे. ११८६ मध्ये बिशप झाल्यावर थोड्याच काळात त्यांनी राजा दुसरा हेन्री याच्या मुख्य वनाधिकाऱ्याला 'एक्सकम्युनिकेट' केलं. मी 'वाळीत टाकलं' लिहिलंय. चालेल का?

उत्तर : ताई, मी तो शब्द घेणार नाही. वाळीत टाकते ती जात, भावकी नाहीतर गाव. पंच बसतात, रोटीबेटी बंद होते, पाणवठा तुटतो. इथे निर्णय एकट्या बिशपचा, आणि माणूस तोडला तो मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आणि संस्कारांपासून. शिवाय आपल्याकडे वाळीत पडतो तो बहुधा दुबळा. ह्यूंनी हात घातला तो राजाच्या माणसावर. शिकारीच्या राखीव रानांचे कायदे कडक, आणि त्यांच्या नावाखाली वनाधिकारी गोरगरिबांना नाडत. 'वाळीत' म्हटलं की वाचकाची कणव भलतीकडेच जाते.

दुसरं मत : मग 'ग्रामण्य', म्हणजे ज्ञातीतला बहिष्काराचा वाद, हा शब्द का नको? पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या १८९० च्या चहावरून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य आलं, ते प्रकरणही शंकराचार्यांपर्यंत गेलं होतं. आणि मध्ययुगात अशा माणसाशी लोक ऊठबसही टाळत, म्हणजे सामाजिक बाजू होतीच.

उत्तर : सामाजिक बाजू होती, मान्य. पण ग्रामण्यात ज्ञातीतला तंटा आहे, दोन तट आहेत. इथे तसं काही नाही. 'धर्मबहिष्कृत केलं' लिहा. नुसता 'बहिष्कार' हल्ली मतदानावरही पडतो.

ताई, पुढचा वुडस्टॉकचा प्रसंग मात्र गाळू नका. राजा दरबाऱ्यांसह गवतावर बसलेला, ह्यू आले तरी कुणी बोलेना. राजाने सुईदोरा मागवला आणि बोटावरची पट्टी शिवत बसला. ह्यू म्हणाले, फालेझच्या नातेवाइकांसारखे अगदी दिसता! राजाचे पणजोबा विल्यम यांची आई फालेझची, आणि ते गाव चामड्याच्या कामाचं. हे तळटीपेत टाकू नका, ओघातच सांगा, नाहीतर राजा पोट धरून का हसला ते कळायचं नाही. त्यानंतर ह्यूंनी आपला निर्णय शांतपणे समजावला आणि राजाने तो ऐकून घेतला.

वनाधिकाऱ्याने पुढे पश्चात्ताप केला. तिथे 'शुद्ध करून घेतलं' नको, त्याला आपल्या प्रायश्चित्तविधीचा वास येतो. 'पापक्षमा देऊन पुन्हा चर्चमध्ये घेतलं' एवढं पुरे.