स्लोपिच सॉफ्टबॉलची बॅट: कंपोझिट घ्यावी की ॲल्युमिनियम?

पाथर्डीफाटा

नमस्कार. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारे आम्ही काही जण रविवारी सकाळी स्लोपिच सॉफ्टबॉल खेळतो. आमच्यातील बहुतेकांनी शाळा-महाविद्यालयात नेहमीचा, म्हणजे फास्टपिच खेळ खेळलेला आहे. चाळिशीनंतर तो झेपेनासा झाला, म्हणून उंच कमानीतून सावकाश येणाऱ्या चेंडूच्या या प्रकाराकडे आम्ही वळलो आणि आता घरची मंडळीही आमच्यासोबत खेळतात.

आमच्याकडे दोन बॅटी होत्या. एक साधी ॲल्युमिनियमची असून तिला जागोजागी पोचे पडले आहेत. दुसरी कंपोझिटची, म्हणजे राळेत बसवलेल्या तंतूंची, बॅट एका सदस्याच्या भावाने अमेरिकेतून आणली होती. तिचा फटका पहिल्या महिन्यांपेक्षा नंतर अधिक लांब जाऊ लागला, सगळे खूश झाले आणि जानेवारीतल्या एका थंड सकाळी बॅरलला, म्हणजे चेंडू मारायच्या जाड भागाला, लांबलचक तडा जाऊन ती निकामी झाली. आता वर्गणी काढून नवी खरेदी करायची आहे. त्याच पैशांत एक उत्तम कंपोझिट बॅट येईल किंवा तीन चांगल्या ॲल्युमिनियमच्या येतील. या दोन प्रकारांच्या कामगिरीत खरोखर किती फरक असतो, आणि कंपोझिट बॅट ऐन भरात असतानाच का फुटते, हे जाणकारांनी समजावून सांगावे, अशी विनंती आहे.

टूलरूम

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बॅरलच्या भिंतीत दडलेली आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

चेंडू बॅटवर आदळतो तेव्हा तो चेपला जातो आणि परत फुगताना त्याच्याकडे आलेली बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ज्या चेंडूवर 0.52 हा उसळीचा अंक छापलेला असतो, तो कठीण पृष्ठभागावर आपटल्यानंतर आलेल्या वेगाच्या 52 टक्के वेगाने परततो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे त्याने परत केलेली ऊर्जा जेमतेम 27 टक्के भरते. म्हणजे चेंडू हा स्प्रिंग म्हणून अगदीच सुमार आहे. पोकळ बॅटची भिंत मात्र उत्तम स्प्रिंग असते. ती आत दबते आणि घेतलेली ऊर्जा जवळजवळ पुरती परत देते. त्यामुळे भिंत जितकी अधिक दबेल तितका चेंडू कमी चेपेल आणि नुकसानही कमी होईल. यालाच ट्रॅम्पोलिन परिणाम म्हणतात, आणि भरीव लाकडी बॅट मागे पडते ती याच कारणामुळे.

आता ॲल्युमिनियमची अडचण पाहा. भिंतीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे जाडी निम्मी केली तर ताठरपणा एक-अष्टमांशावर येतो. कागदावर हा सौदा फार आकर्षक दिसतो. पण तेवढ्या पातळ पत्र्यावर जोराचा फटका बसला की धातू आपली लवचीकतेची मर्यादा ओलांडतो आणि पोचा कायमचा राहतो. म्हणून उत्पादकांनी जस्त व मॅग्नेशियम असलेल्या 7000 मालिकेतील मिश्रधातू वापरले, काहींनी त्यांत किंचित स्कँडियम घातले, जेणेकरून पातळ भिंतही पोचे न पडता दबून परत यावी. 1990 च्या दशकात दुहेरी भिंतीच्या बॅटी आल्या, त्यामागेही हेच गणित होते. निम्म्या जाडीच्या दोन नळ्या एकीत एक बसवल्या आणि त्या परस्परांवर सरकू दिल्या, तर दोघींचा मिळून ताठरपणा दोन-अष्टमांश, म्हणजे मूळच्या पाव भागाइतकाच राहतो, आणि धातू मात्र तेवढाच असल्याने भार दोन भिंतींत वाटला जातो.

कंपोझिटमध्ये कार्बन आणि काचेचे तंतू राळेत भिजवून थरावर थर दिलेले असतात. तंतूंची दिशा बदलून बॅरल किती दबावे हे ठरवता येते आणि त्यासाठी वजनाला किंवा जाडीला फारसा हात लावावा लागत नाही. ॲल्युमिनियममध्ये ही मुभा नाही. मात्र प्रत्येक फटक्याने राळेत सूक्ष्म चिरा पडतात आणि हळूहळू थर एकमेकांपासून सुटू लागतात. पुठ्ठ्यासारखे चिकटवलेले जाड पुस्तक वाकत नाही आणि त्याचीच पाने सुटी झाली की ते सहज वाकते, तसेच इथे घडते. एक जाड भिंत अनेक पातळ भिंतींसारखी वागू लागते आणि वर सांगितलेला घनाचा नियम पुन्हा लागू होतो. म्हणून तुमच्या बॅटचा फटका दिवसेंदिवस लांब जात होता. कामगिरीतील ती वाढ आणि बॅटची झीज या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत. थर पुरेसे सुटले की भार तंतूंवर येतो, तंतू तुटतात आणि तडा बाहेर दिसतो. म्हणून कंपोझिट बॅट ऐन भरात फुटते यात नवल नाही; तिचा भर आणि तिचा शेवट शेजारी शेजारीच असतात.

देवळालीकर

वरील विवेचन उत्तम आहे. मी अनेक वर्षे मुलांना खेळ शिकवत आलो आहे, त्यामुळे हवामान आणि चेंडू या दोन गोष्टींची भर घालतो. माझ्या मते नाशिकमध्ये बॅटचे आयुष्य ठरवणाऱ्या गोष्टी मुख्यतः याच आहेत.

बहुतेक उत्पादक 60 अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण साडेपंधरा अंश सेल्सिअसच्या खाली कंपोझिट बॅट वापरू नये असे सांगतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि निफाडकडे तर त्याहूनही बराच खाली जातो. अशा वेळी राळ ठिसूळ होते. शिवाय आजच्या सॉफ्टबॉलचा गाभा पॉलियुरेथेनचा असतो आणि तो थंडीत दगडासारखा कडक होतो. म्हणजे भिंत कमजोर आणि चेंडू अधिक कठीण, अशी दुहेरी आपत्ती ओढवते. तुमची बॅट जानेवारीतल्या सकाळीच फुटली, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. त्या दोन महिन्यांत ऊन चांगले वर येईपर्यंत ॲल्युमिनियमचीच बॅट वापरावी. उलट एप्रिल-मेच्या उन्हात चेंडू मऊ पडतो आणि फटके आखूड जातात. तेव्हा खेळाडू बॅटला दोष देतात, पण बदलायला हवा असतो तो चेंडू. राखीव चेंडू सावलीत ठेवून डावागणिक आलटून-पालटून वापरावेत. कोणतीही बॅट उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नये.

दुसरी बाब सरावाची. पिचिंग मशिनसाठी येणारे खळगेदार कडक चेंडू, पावसात भिजून जड झालेले चेंडू आणि क्रिकेटचा सीझन बॉल यांच्यावर कंपोझिट बॅट कधीही चालवू नये. फास्टपिचच्या सामन्यालाही स्लोपिचची बॅट देऊ नये, कारण स्लोपिचमध्ये चेंडू ताशी सुमारे 40 किलोमीटर वेगाने येतो आणि बॅरलची घडण त्याच हिशेबाने केलेली असते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. बॅट लवकर भरात यावी म्हणून तिला रोलरखाली दाबणारे किंवा बॅरल आतून खरवडून पातळ करणारे लोक असतात. हे नियमबाह्य आहेच, शिवाय धोकादायक आहे. स्लोपिचमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होम प्लेटपासून (फटका मारणाऱ्याच्या जागेपासून) 50 फुटांवर उभा असतो. ताशी 98 मैलांनी निघालेला चेंडू हे अंतर सेकंदाच्या सुमारे एक-तृतीयांश काळात कापतो. चेंडू टाकून पिचर सावरतो न सावरतो तोच तो फटका त्याच्या छातीवर आलेला असतो. तुमच्याकडे घरची मंडळीही खेळतात, तेव्हा पिचरच्या तोंडावर संरक्षक जाळी हवीच. बॅट कोणतीही घ्या, वर्गणीतून पहिली खरेदी हीच करावी.

पाथर्डीफाटा

दोघांचेही मनापासून आभार. संरक्षक जाळीचा विषय मी आजच गटात मांडतो. तुमच्या उत्तरांवरून लक्षात आले की आमच्याकडचे जुने चेंडू सकाळच्या थंडीत फारच टणक होत असावेत. आता दोन उपप्रश्न आहेत. अमेरिकी बॅटींवर निरनिराळे शिक्के असतात, त्यांतला कोणता पाहावा? आणि वजन किती असावे? आमच्यात धिप्पाड माणसे दोन-तीनच आहेत.

शॉर्टस्टॉप

नोकरीनिमित्त काही वर्षे अमेरिकेत असताना मी तिथल्या हौशी लीगमध्ये खेळलो. आता इंदिरानगरला राहतो. शिक्क्यांविषयी मला जे ठाऊक आहे ते सांगतो.

यूएसए सॉफ्टबॉल ही संघटना 2017 पूर्वी एएसए या नावाने ओळखली जात असे. तिच्या मानकानुसार बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग ताशी 98 मैल, म्हणजे सुमारे 158 किलोमीटर, या मर्यादेत राहावा लागतो. प्रयोगशाळेत हवेच्या तोफेतून चेंडू बॅटवर सोडून हे मोजतात. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाची क्रीडाविज्ञान प्रयोगशाळा या कामासाठी प्रसिद्ध आहे. महत्त्वाचे म्हणजे कंपोझिट बॅट नवी असताना मर्यादेत बसली एवढ्याने भागत नाही. तिला कृत्रिमरीत्या दाबून, वापरल्यासारखी मुरवून पुन्हा तपासतात. यूएसएसएसए या दुसऱ्या संघटनेचा शिक्का वेगळा असतो, आणि ज्येष्ठांच्या लीगसाठी बनवलेल्या बॅटी या दोन्हींहून अधिक मऊ बॅरलच्या असतात.

यावरून खरेदीसाठी एक सरळ निष्कर्ष निघतो. एकाच शिक्क्याच्या उत्तम बॅटी त्याच छताला डोके टेकून उभ्या असतात, त्यामुळे कमाल कामगिरीत त्यांच्यातला फरक थोडाच उरतो. जाहिरातीत काहीही म्हटलेले असो, महागड्या बॅटने छत उंच होत नाही. फरक असतो तो पुढील गोष्टींत: चेंडू मध्यापासून थोडा सरकून लागला तरी फटका किती टिकतो, हाताला झिणझिण्या किती येतात आणि बॅट किती दिवस त्या पातळीवर राहते. पहिल्या दोन्हींत कंपोझिट, विशेषतः हँडल वेगळे जोडलेली दोन भागांची बॅट, निर्विवाद सरस आहे. तिसऱ्या बाबतीत ॲल्युमिनियमची बॅट पहिल्या दिवशी जशी असते तशीच पुष्कळ काळ राहते, आणि दहा जणांनी मिळून वापरायच्या बॅटसाठी हा गुण मोठा आहे. ज्येष्ठांच्या शिक्क्याची बॅट कडक चेंडूवर चालवणे मात्र टाळा. ती लवकर फुटेल आणि तोवर पिचरला धोका देत राहील.

वजनाबाबत नियमाची कमाल मर्यादा 38 औंस असली तरी स्लोपिचच्या बॅटी सहसा 34 इंच लांब आणि 25 ते 30 औंसांच्या असतात. सावकाश येणाऱ्या चेंडूत स्वतःचा वेग फारसा नसतो, म्हणून फटक्याचा बहुतेक वेग बॅटच्या वेगातून येतो. तुमच्या गटाला 26 किंवा 27 औंसांची, म्हणजे साधारण 740 ते 765 ग्रॅमची, समतोल बॅट योग्य ठरेल. काही बॅटींत टोकाकडे अर्धा-एक औंस जास्त वजन ठेवलेले असते. त्या काट्यावर सारख्याच भरल्या तरी फिरवताना स्पष्टपणे जड लागतात. ताकदवान माणसाला त्यांचा लाभ होतो. इतरांचा फटका उशिरा पडतो.

माझा सल्ला असा की ॲल्युमिनियमच्या दोन बॅटी घ्याव्यात, एक सरावाची व एक हिवाळ्यातली, आणि उरलेल्या पैशांतून चेंडू व जाळी आणावी. अमेरिकेत वरच्या दर्जाच्या कंपोझिट बॅटला 300 डॉलरहून अधिक मोजावे लागतात. तिथे फुटलेली बॅट बहुधा वर्षभराच्या हमीत बदलून मिळते. नाशिकला कुणाच्या सामानातून आलेल्या बॅटच्या बाबतीत त्या हमीचा व्यवहारात काही उपयोग होत नाही. तरीही कंपोझिटच घ्यायचे ठरले, तर ती फक्त सामन्यापुरती ठेवावी. सुरुवातीचे शंभर-दीडशे फटके टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर) किंवा हलक्या हाताने टाकलेल्या चेंडूवर, अर्ध्या जोराने मारावेत आणि प्रत्येक फटक्यानंतर बॅट थोडी फिरवावी, म्हणजे बॅरल सगळीकडून सारखे मुरते.

टूलरूम

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. फक्त पैशांची सोय असेल तर सामन्यासाठी एक कंपोझिट बॅट ठेवायला माझी हरकत नाही. दुसऱ्या कोणत्याही बॅटचा फटका हाताला इतका गोड लागत नाही, आणि खेळ शेवटी आनंदासाठीच आहे. मात्र कंपोझिटची तपासणी दर रविवारी करण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी.

बॅरलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर त्या बहुधा वरच्या रंगाच्या लेपातील असतात, आणि त्या अवस्थेत बॅट अजून खेळण्याजोगी असते. त्या रेषेवरून नख आडवे फिरवावे. नख अडकले किंवा तंतू हाताला टोचले, तर चीर थरांपर्यंत पोहोचली आहे असे समजून बॅट बाजूला ठेवावी. आवाजाकडेही लक्ष द्यावे: टणत्कार जाऊन भदाभदा आवाज येऊ लागला की आत थर सुटले आहेत. बॅट हलवल्यावर आत काही खुळखुळले, तर बहुतेक वेळा तो टोकाच्या टोपीखालील सुटलेल्या गोंदाचा तुकडा असतो आणि त्याने बिघडत नाही. पण टोपी सैल झालेली नाही ना, हे पाहून घ्यावे.

ॲल्युमिनियमसाठी तपासणी याहून सोपी आहे. बॅरलच्या व्यासाची मर्यादा सव्वादोन इंच, म्हणजे 57.15 मिलिमीटर आहे. तुमच्यापैकी कुणाच्याही कारखान्यातील लेथवर त्याहून केसभर मोठ्या छिद्राची नायलॉनची कडी अर्ध्या तासात निघेल. पोचा पडताना धातू बाजूला फुगतो, त्यामुळे खराब झालेली बॅट त्या कडीतून आरपार जात नाही. जी अडकेल ती सामन्यातून काढावी. तुमच्या जुन्या बॅटवर हा प्रयोग करून पाहा आणि ती अडकली की नाही ते इथे कळवा.